अल्माटी : ‘स्वस्तातले स्वित्झर्लंड’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत कझाकस्तानातील अल्माटी शहरावर आलेला लेख मी दोनदा वाचला. भारतीयांना तेथे व्हिसाशिवाय चौदा दिवस राहता येते, विमान थेट जाते, शिम्बुलाकच्या बर्फावर जाण्यासाठी रोपवे आहे, ही सारी माहिती उपयोगाची आहे आणि ती दिल्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत. परंतु ‘स्वस्तातले स्वित्झर्लंड’ हा मथळा मला फार लागला. एखाद्या शहराला दुसऱ्याची स्वस्त नक्कल म्हणून वाचकांसमोर ठेवले की त्या शहराचे स्वतःचे म्हणून काही असेल, ही उत्सुकताच संपते. माझी पुतणी अल्माटीत वैद्यकीय शिक्षण घेते. तिच्याकडे मी मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये नऊ दिवस राहून आलो. जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर मिळेल ते वाचले. लेखात राहून गेलेल्या काही गोष्टी आणि तीन चुका यांविषयी लिहिण्याचे धाडस त्या आधारावर करतो आहे.

पहिली चूक लहान आहे. अल्माटी आता कझाकस्तानची राजधानी नाही. १९२९पासून ती राजधानी होती, पण १९९७च्या अखेरीस राजधानी उत्तरेकडील अकमोला येथे गेली. त्याच गावाला पुढे अस्ताना हे नाव मिळाले. अल्माटी आजही देशातील सर्वांत मोठे, वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे, एवढे मात्र खरे.

शहरात पाऊल ठेवल्यावर पहिल्या दिवशी मला सर्वांत नवलाची वाटली ती दिशा सांगण्याची रीत. तेथे कोणी उत्तर-दक्षिण म्हणत नाही. ‘दोन चौक वर जा, मग एक चौक खाली या,’ असेच सांगतात. वर म्हणजे दक्षिणेला, डोंगराकडे, आणि खाली म्हणजे उत्तरेला, गवताळ मैदानाकडे. आपल्याकडे घाटावरचा माणूस ‘खाली कोकणात’ जातो, तसेच हे. सारे शहर एका उतारावर वसलेले आहे. खालचे आणि वरचे टोक यांच्या उंचीत कित्येकशे मीटरचा फरक पडतो आणि वर पाहिले की तियान शानच्या कुशीतली इले अलाताऊ ही पर्वतरांग रस्त्याच्या शेवटी उभी दिसते. तिचे सर्वांत उंच शिखर तालगार पाच हजार मीटरला थोडेसेच कमी पडते. रस्त्यांच्या दोन्ही कडांनी दगडी किंवा काँक्रीटचे अरुंद पाट काढलेले आहेत. त्यांना तेथे ‘अरिक’ म्हणतात. डोंगरातल्या नद्यांचे पाणी या पाटांतून झाडांच्या मुळांशी खेळवले जाते. मी राहत होतो त्या गल्लीत सकाळी पाट वाहू लागला की ओक आणि एल्मच्या सावलीत हवा हाताला लागेल इतकी गार होई. एक म्हातारे गृहस्थ रोज फावड्याने पाटातली पाने काढून तोंड मोकळे करीत. त्यांना ते काम कोणी नेमून दिलेले नव्हते, असे पुतणीने विचारून सांगितले. मैदानातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे शहर हिरवे राहते ते या पाटांमुळे. लेखात या पाटांचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

जो डोंगर पाणी देतो, तोच डोंगर या शहरावर अनेकदा कोसळला आहे. अल्माटीचा इतिहास सांगायचा तर तो इथूनच सांगावा लागतो. मध्ययुगात येथे व्यापारी वस्ती होती आणि तिच्या नावाची चांदीची नाणी तेराव्या शतकात पाडली जात होती. पुढे ती वस्ती ओसाड पडली. १८५४मध्ये रशियन सैन्याने येथे किल्ला बांधला आणि त्याभोवती वेर्नी नावाचे गाव वाढले. १८८७च्या जूनमध्ये झालेल्या भूकंपात त्या गावातील विटांची घरे जवळजवळ सगळी पडली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर लोक लाकडाने बांधू लागले. आज पानफिलोव उद्यानात उभे असलेले, पिवळ्या आणि रंगीबेरंगी घुमटांचे चर्च हे त्या शहाणपणाचे सर्वांत देखणे उदाहरण आहे. १९०४ ते १९०७ या काळात तियान शानच्या स्प्रूस लाकडात बांधलेली ही सुमारे छप्पन्न मीटर उंचीची इमारत अभियंता आंद्रेई झेन्कोव यांनी उभी केली. १९११च्या जानेवारीत पुन्हा भूकंप झाला. तो आठच्या आसपास तीव्रतेचा होता, आणि तरीही ही इमारत टिकली. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात वाकावा आणि सावरावा तसा मनोरा झुलला, असे खुद्द झेन्कोव यांनी नोंदवले आहे. आपल्या लेखात हे चर्च ‘एकही खिळा न वापरता’ बांधल्याचे म्हटले आहे. ही दुसरी चूक. ती दंतकथा तेथील वाटाडेही सांगतात, पण त्या बांधणीत खिळे आहेत आणि लोखंडी बोल्टही आहेत. किंबहुना लाकडाची लवचीकता आणि लोखंडाची पकड यांचा मेळ घातला, यातच त्या अभियंत्याचे कौशल्य आहे. दंतकथेपायी ते झाकून जाते याचे वाईट वाटते.

भूकंपाइतकीच भीती तेथे ‘सेल’ची असते. सेल म्हणजे चिखल, दगड, उन्मळलेली झाडे आणि पाणी यांचा एकत्र लोंढा. १९२१च्या ८ जुलैला रात्री लहान अल्मातिंका नदीच्या खोऱ्यातून असा लोंढा शहरात घुसला आणि सुमारे पाचशे माणसे मेली. त्यानंतर अनेक दशके धरणाचा विचार होत राहिला. अखेर १९६६च्या ऑक्टोबरमध्ये मेदेऊ येथे एका बाजूच्या डोंगरात सुमारे ५,३०० टन स्फोटके पेरून, अर्धा कडा उडवून तो दरीत आडवा पाडण्यात आला. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरा स्फोट करून समोरच्या बाजूचा खडक त्यावर आणला गेला. एवढा मोठा स्फोट शहराजवळ करावा की नाही, यावर त्या वेळी बरेच वाद झाले होते. १९७३च्या १५ जुलैला तुयुकसू हिमनदीच्या पायथ्याचे तळे फुटले आणि पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा लोंढा खाली आला. वाटेतला पर्यटनतळ त्याने उद्ध्वस्त केला. तेथे माणसे दगावली, पण धरणाने लोंढा अडवला. धरणामागचा तलाव पाहता पाहता भरत गेला, पाणी सोडण्याच्या वाटा चिखलाने बुजल्या, आणि पंप लावून पाणी काढेपर्यंत खालच्या शहराने काही दिवस श्वास रोखून काढले. त्यानंतर धरणाची उंची वाढवून १५० मीटर करण्यात आली.

लेखात ‘मेदेऊच्या पायऱ्या चढण्याचा थरार’ असे एक वाक्य आहे. त्या आठशेहून अधिक पायऱ्या या धरणाच्या भिंतीवरच्या आहेत, हे सांगितलेले नाही. मी त्या थांबत थांबत चढलो. माथ्यावर पोहोचून मागे पाहिले तेव्हा एका बाजूला बर्फावर स्केटिंग करण्याचे १,६९१ मीटर उंचीवरचे प्रसिद्ध मैदान आणि त्यापलीकडे शहर होते. दुसऱ्या बाजूला १९७३मध्ये अडलेल्या गाळाचा सपाट, मुका पट्टा होता. त्यावर आता गवत उगवले आहे. मी नोकरीच्या काळात पाटण तालुक्यात काही वर्षे होतो. माळीण, इर्शाळवाडी, पाटणातले आंबेघर ही नावे ज्याच्या मनात आहेत, त्याला त्या गवताकडे पर्यटकाच्या नजरेने पाहता येत नाही. त्या डोंगरातल्या हिमनद्या आता वेगाने मागे हटत आहेत, वर नवी तळी साचत आहेत आणि त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. तुयुकसूवर तर १९५७पासून नियमित मोजमाप चालू आहे. आपल्याकडच्या वाचकाला त्या दरीत बर्फाच्या गोळ्यांखेरीज हेही दाखवावे, एवढीच माझी मागणी आहे.

आता तिसऱ्या चुकीकडे वळतो. ती माझ्या सर्वांत आवडत्या विषयाची आहे. लेखात अल्माटीचा अर्थ ‘सफरचंदांचा पिता’ असा दिला आहे. १९२१मध्ये वेर्नीचे नाव बदलून ‘अल्मा आटा’ केले गेले, तेव्हा हा अर्थ रूढ झाला. कझाक भाषेत ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद आणि ‘आटा’ म्हणजे आजोबा किंवा पूर्वज. पण ही दोन नावे एकमेकांशेजारी नुसती ठेवून ‘सफरचंदांचा पिता’ होत नाही. जुने नाव अल्माटी हेच होते, त्याचा अर्थ सफरचंदे असलेली जागा असा सांगितला जातो, आणि स्वातंत्र्यानंतर १९९३मध्ये ते परत आणले गेले. आपल्याकडे आंबेगाव आहे, जांभूळवाडी आहे, तशाच जातीचे हे साधे, मातीतले नाव आहे.

आणि ते अगदी यथार्थ आहे. या शहरामागच्या उतारांवर सफरचंदाच्या रानटी झाडांची जंगले आहेत. वनस्पतिशास्त्रात त्या जातीला मालुस सिव्हर्सी म्हणतात. १९२९मध्ये निकोलाय वाव्हिलोव येथे आले, त्यांनी शहराभोवतीची ही जंगले पाहिली आणि लागवडीच्या सफरचंदाचे मूळ घर हेच असावे, असे मत मांडले. पिकांच्या जन्मभूमी शोधण्यात आयुष्य घालवलेला हा थोर शास्त्रज्ञ १९४३मध्ये स्टालिनच्या तुरुंगात मरण पावला. पुढे ऐमाक जांगालिएव यांनी दीर्घ आयुष्य याच झाडांच्या अभ्यासाला दिले, आणि अलीकडच्या जनुकीय संशोधनाने वाव्हिलोव यांचे म्हणणे खरे ठरवले. सिमल्याकडून किंवा काश्मीरमधून आपल्या मंडईत येणारे प्रत्येक सफरचंद मुळात या डोंगराचे नातेवाईक आहे.

मराठी वाचकाला हे समजायला अजिबात अवघड नाही, कारण आपल्याला रायवळ आणि कलमी हा भेद लहानपणापासून ठाऊक असतो. सफरचंदाचे बी लावले तर मूळ फळासारखे फळ येत नाही. प्रत्येक झाड आपल्या मर्जीचे निघते. त्यामुळे त्या रानात शेजारशेजारच्या दोन झाडांची फळे सारखी नसतात. पुतणीच्या ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मी तसल्या एका उतारावर गेलो होतो. एका झाडाखाली बोराएवढी, तोंड आक्रसून टाकणारी आंबट फळे पडली होती. पंधरा पावलांवरच्या झाडाची फळे पिवळी, लिंबाएवढी, आणि चवीला मधासारखी. तिसऱ्याची लाल आणि साफ कडू होती. कोकणातल्या एखाद्या जुन्या राईत प्रत्येक आंब्याला गोटी, शेपू, खोबऱ्या अशी वेगळी नावे असतात, त्याची मला आठवण झाली आणि मी ती त्या कुटुंबाला सांगितली. त्यांच्यातल्या आजींनी माझ्या हातातले कडू फळ काढून घेतले आणि पदराच्या जागी असलेल्या रुमालाने पुसून एक गोड फळ दिले.

शहरात जे सफरचंद मिरवले जाते ते मात्र हे नव्हे. ते आहे अपोर्त. १८६५मध्ये रशियातील वोरोनेझहून आलेल्या एका वसाहतकाराने त्याची कलमे येथे आणली. रानटी सफरचंदाच्या खुंटावर बांधलेली ती कलमे डोंगरउताराच्या ठरावीक उंचीच्या पट्ट्यात इतकी मानवली की अर्धा किलो आणि त्याहूनही अधिक वजनाची फळे येऊ लागली. ग्रीन बाजारात मी एक फळ तराजूत टाकून पाहिले. ते पाचशे चाळीस ग्रॅम भरले आणि पिशवी घट्ट बांधली तरी त्याचा वास रात्रभर खोलीत दरवळत होता. दुर्दैवाने नेमक्या त्याच पट्ट्यात आता बंगले आणि उपाहारगृहे चढत गेली आहेत. अपोर्तच्या बागा आक्रसल्या आहेत. रानटी जात तर धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत नोंदली गेली आहे. बर्फ पाहायला जाणारा आपला पर्यटक त्या बंगल्यांच्या रांगेतूनच वर जातो.

ग्रीन बाजाराबद्दल लेखात ‘खरेदीसाठी उत्तम’ एवढेच आहे. त्या बाजारातल्या एकेका ओट्यामागे एकेक स्थलांतर उभे आहे. १९३७मध्ये स्टालिनने अतिपूर्वेतील एक लाख सत्तर हजारांहून अधिक कोरियन लोकांना आगगाड्यांत भरून मध्य आशियात पाठवले. त्यांना येथे आपला कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजर बारीक किसून, लसूण-मिरची घालून मुरवले, आणि आज ते गाजर साऱ्या कझाकस्तानच्या ताटात असते. पुढे जर्मन आले, चेचेन आले, तेही असेच लादून आणलेले. चिनी सीमेपलीकडून उइघुर आले आणि त्यांनी हाताने ओढलेल्या शेवयांचा लागमान आणला. आणि ज्यांची ही भूमी, त्या कझाक लोकांवर १९३०च्या दशकाच्या आरंभी कळप हिरावून घेऊन सक्तीचे सामूहिकीकरण लादले गेले. त्यातून पडलेल्या दुष्काळात अंदाजे १३ ते १५ लाख माणसे मेली. एवढे सोसलेल्या लोकांच्या घरी आजही पाहुण्याला पहिल्यांदा चहाच विचारतात. दुधाचा चहा पियाल्यात मुद्दाम अर्धाच ओततात, म्हणजे यजमानाला पुन्हा पुन्हा वाढण्याची संधी मिळते. पियाला काठोकाठ भरला तर ‘आता उठा’ असा अर्थ होतो, हे मला आधी सांगितले म्हणून बरे.

भाषेमुळे अडेल असे वाटणाऱ्या वाचकांनी हेही जाणावे की आपल्याला त्यांचे बरेच शब्द ओळखीचे लागतात. दुकानाला ते ‘दुकेन’ म्हणतात, तराजूला ‘तराझी’, फायद्याला ‘पायदा’, जबाबाला ‘झाउआप’ आणि दोस्ताला ‘दोस’. फारसी आणि अरबी शब्द जसे दख्खनेत मराठीच्या अंगवळणी पडले, तसेच ते तिकडे कझाकच्याही पडले.

शेवटी ज्या कारणाने हे पत्र लिहायला बसलो ते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. या शहराचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते सहलीच्या जाहिरातीत नव्हे, तर वैद्यकीय महाविद्यालयात, सामाजिक आरोग्याच्या तासाला : ‘अल्मा आटा, १९७८’. त्या वर्षी ६ ते १२ सप्टेंबर या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या शहरात भरवलेल्या परिषदेला १३४ देशांचे प्रतिनिधी आले होते. तेथे संमत झालेल्या जाहीरनाम्याने आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले, प्राथमिक आरोग्यसेवा हा साऱ्या व्यवस्थेचा पाया मानला, आणि ती आखण्यात लोकांनी स्वतः भाग घेणे हा त्यांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे म्हटले. ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे आमच्या केंद्राच्या भिंतीवर रंगवलेले वाक्य याच परिषदेने जगभर पोहोचवले होते.

आणि त्या विचारामागे जगभरच्या ज्या मोजक्या प्रयोगांचे उदाहरण होते, त्यांत एक आपल्या मातीतला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकांच्या हातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांच्या संकलनात जामखेडला स्थान मिळाले, आणि तीन वर्षांनी अल्मा आटाला जे मांडले गेले त्यामागे असे अनुभव होते. जामखेडच्या बाया आणि तियान शानच्या पायथ्याचे शहर यांच्यात खरेखुरे नाते आहे, आणि ते कोणत्याही स्वित्झर्लंडशी असलेल्या साम्याहून मोलाचे आहे.

ती परिषद ज्या सभागृहात भरली, त्याचे तेव्हाचे नाव लेनिन प्रासाद होते. आता त्याला प्रजासत्ताक प्रासाद म्हणतात. कोक-तोबे टेकडीवर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक त्याच्या अगदी शेजारी आहे. मी गेलो त्या दिवशी रोपवेच्या रांगेत पुण्याहून आलेला चाळीसेक जणांचा गट उभा होता. त्यांतल्या दोघी परिचारिका होत्या. शेजारची इमारत कसली, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्या सहल-व्यवस्थापकालाही नव्हते. मी सांगितल्यावर त्या दोघी रांग सोडून आल्या, पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि आम्ही तिघांनी तेथे छायाचित्र काढून घेतले.

आपल्या लेखात त्या रोपवेचे तिकीट किती, हे दिले आहे. लेखाचा पुढील भाग येणार असल्याची सूचना खाली आहे. त्या भागात वरील तीन दुरुस्त्या छापाव्यात, शेजारच्या इमारतीबद्दल चार ओळी घालाव्यात, आणि जमल्यास तो भाग अपोर्त बाजारात येण्याच्या सुमारास, सप्टेंबरच्या अखेरीस द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
सातारा